बिनचालीचा गुत्ता

माझं मराठी कवितेचं शिक्षण नसरापूरच्या दारूच्या गुत्त्यात झालं, हे वाक्य आई मला चारचौघांत बोलू देत नाही. म्हणून ते इथे लिहून टाकते.

त्यात एक दुरुस्ती हवी. गुत्त्याच्या आत मी कधीच गेले नाही. आमच्या स्वयंपाकघराला मागच्या बाजूने एक खिडकी होती. खिडकीपलीकडे आमचं परसू, परसाच्या कडेला शेराच्या झुडपांचं कुंपण, आणि कुंपणाच्या पलीकडे गुत्त्याचं मागचं अंगण. बाजाराच्या दिवशी गिऱ्हाइकं आत मावत नसत, ती या अंगणात येऊन बसत. खिडकीचं एक दार किंचित उघडं ठेवलं की मला सगळं ऐकू येई आणि निम्मं दिसे. माझ्यासारखीला तेवढं पुष्कळ होतं.

बाबा भोर संस्थानात अबकारी इन्स्पेक्टर होते. आसपासची दारूची दुकानं नियमाने चालतात की नाही ते पाहायचं, हे त्यांचं काम. असा माणूस दुकानाला पाठ लावून राहावा ही कल्पना कोणाची होती कोण जाणे. पण नसरापुरात भाड्याने मिळण्यासारखं घर तेवढंच होतं. मी पुण्याला मावशीकडे राहून कॉन्व्हेंटमधून मॅट्रिक झाले आणि पुढे कॉलेजात घालायचं की लग्न करायचं, यावर मोठ्यांचं एकमत होईपर्यंत नसरापूरला येऊन राहिले. एकमत व्हायला बराच काळ गेला. तो काळ मी त्या खिडकीत काढला.

गुत्ता ज्यांचा होता त्यांना सगळे मालक म्हणत. मालक उंच, वाकलेले, आणि बाराही महिने अंगात एक जाड खाकी कोट. उन्हाळ्यातसुद्धा. कोणी विचारलं तर म्हणत, "कोट काडला तर माज्यात काय ऱ्हातं?" स्वतः ते दारूला शिवत नसत. पिंपाशेजारी त्यांचा ताकाचा तांब्या झाकून ठेवलेला असे. मालकीणबाई कधी कुरडया घेऊन आमच्याकडे आल्या की आईला सांगत, "ह्यांना दारू चडत न्हाई, काकी. ह्यांना कविता चडती. दारू उतरती तरी."

कवितांचं खूळ कुठून शिरलं, ते मालकच सांगत. गुत्ता चालवायला घेतल्यापासून बाजाराच्या दिवशी माणसं यायची, पहिला पेला संपवायची आणि रडायला लागायची. कोणाचा भाऊ वाईट, कोणाचा बैल वाईट, कोणाचं नशीब. दर बाजाराला तीच माणसं आणि तीच रड. मालकांचे कान किटले. एके दिवशी त्यांनी पिंपाच्या तोटीवर हात ठेवला आणि सांगितलं, "रडायचं आसंल तर नीट रडा. चार वळीत. आन् प्यायच्या आदी."

मार्गासनीच्या एका म्हाताऱ्याने गंमत म्हणून चार ओळी जुळवल्या. तिथून सुरुवात झाली. पुढे अंगणात एक रिकामं पिंप पालथं घातलं गेलं, आणि ज्याला काही म्हणायचं असेल त्याने त्यावर उभं राहायचं, असं ठरलं. चार ओळींच्या आठ झाल्या, सोळा झाल्या. मी तिथे गेले तेव्हा बाजाराच्या दिवशी दुपार कलली की कामथडीपासून मार्गासनीपर्यंतचे कवी त्या अंगणात जमत, आणि दिवेलागणीला गुत्ता बंद करायचा नियम असल्यामुळे तोपर्यंत सगळं आटपत.

मालकांचे नियम संस्थानच्या नियमांपेक्षा कडक होते. पिंपावर चढणाऱ्याने कोरड्या तोंडाने चढायचं. मालक स्वतः जवळ जाऊन त्याच्या तोंडाचा वास घेत. वास आला तर हाताला धरून खाली. "पिऊन बोललास तर ती कविता तुजी न्हवं," ते म्हणत, "ती माज्या मालाची." कविता स्वतःची हवी, दुसऱ्याची म्हटली तर पेल्यात पाणी मिळे. आणि वाहवा करायची नाही. वाहवा केली की मालक चिडत. त्यांची परीक्षा वेगळी होती. कविता चालू असताना ते कवीकडे बघतच नसत. ते ऐकणाऱ्यांच्या हातांकडे बघत. पेला तोंडाकडे चालला आहे आणि मधेच थांबला, तर ती कविता. थांबला नाही तर नुसतं बोलणं. "तोंड खोटं बोलतंय माणसाचं. पेल्याचा हात खोटं बोलत न्हाई."

कधीकधी ते एखाद्या शब्दावर बंदी घालत. "आज काळीज बंद," असं पिंपाशी उभं राहून जाहीर करत, खाटीक मटण संपल्याचं सांगतो त्या आवाजात. मागच्या बाजाराला फार काळजं फाटली होती, एवढंच कारण. एकदा चंद्र बंद होता तो आषाढ-श्रावण मिळून. कामथडीचा एक जवान शेतकरी कळवळून म्हणाला, मालक, माझी सगळी कविता चंद्रावर आहे, मी काय करू. मालक म्हणाले, "कंदील म्हन." त्याने कंदील म्हटलं, आणि सांगायला हरकत नाही, कविता सुधारली.

पण सगळ्यांत जाचक नियम वेगळाच होता. चाल लावायची नाही.

हा नियम मालकांनी परवान्यातून घेतला होता. गुत्त्याच्या परवान्यात अट होती की दुकानात गाणं, वाद्य, नाच आणि जुगार चालणार नाही; चालल्यास परवाना रद्द. बाकीचे गुत्तेदार ही अट पेटीत ठेवत. मालकांनी ती चौकटीत घालून भिंतीला लावली होती आणि दर दसऱ्याला तिला झेंडूची माळ घालत. त्यामुळे त्यांच्या अंगणात कविता बोलायची, गायची नाही. आता ज्या मुलखात बाई जात्यावर बसली तरी गाते आणि बाप्या मोटेवर उभा राहिला तरी गातो, तिथे चालीशिवाय चार ओळी म्हणणं म्हणजे लगामाशिवाय घोड्यावर बसणं. माणसं पहिल्या दोन ओळी दात आवळून बोलत. तिसऱ्या ओळीला सूर हळूच आत शिरे. मालकांचा हात वर जाई, आणि कवी खाली.

माझी त्यांची ओळख या नियमामुळेच झाली. शाळेत आम्हाला इंग्रजी कविता पाठ म्हणाव्या लागत, उभं राहून, हातवारे करून. माणसांसमोर माझा आवाज फुटत नसे, म्हणून मी त्या एकटीने म्हणायची सवय लावून घेतली होती. नसरापूरला एकदा भर दुपारी, आजूबाजूला कोणी नाही असं पाहून, मी परसात फेऱ्या घालत एक लांबलचक कविता म्हणत होते. कुंपणापलीकडून आवाज आला.

"गवरे, इचार ताईसाहेबांना, ह्ये गानं हाय का कुनाशी भांडान चाललंय?"

गवरी ही मालकांची म्हैस. कुंपणाला लागूनच तिची दावण होती. इन्स्पेक्टरसाहेबांच्या मुलीशी गुत्तेदाराने थेट बोलू नये हे मालकांनी स्वतःच ठरवलं होतं. म्हणून आमच्याकडे पाठ करून, म्हशीला गवताच्या चोळण्याने घासत, ते म्हशीशी बोलत. मलाही ते सोयीचं होतं. मी आयुष्यात माणसांशी जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या म्हशीशी बोलले.

मी म्हटलं, कविता आहे.

"चाल न्हाई व्हय गं तिला, गवरे?"

नाही, मी म्हटलं. ती अशीच बोलायची असते.

मालकांचा घासणारा हात थांबला. मग ते तडक आत गेले आणि आत बसलेल्या दोघांना मोठ्याने सांगितलेलं मला ऐकू आलं, की सायबाच्या देशात बी बिनचालीचंच बोलत्यात, आपल्या ताईसाहेबांनी सांगितलंय. त्या दिवसापासून मी त्यांची साक्षीदार झाले. कोणी चालीसाठी हट्ट धरला की ते अंगठा आमच्या खिडकीकडे करत.

पुढे आणखी एक रिवाज पडला. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते गवरीला विचारत, काल ताईसाहेबांच्या खिडकीपर्यंत कोणती कविता गेली. मी सांगे. ज्याची गेली असेल त्याला पुढच्या बाजाराला निरोप मिळे, "तुजी खिडकीपातुर गेली." हा मान फार मोठा समजला जाऊ लागला. इतका की काही जण पिंपावर चढून गुत्त्याकडे पाठ करत आणि आमच्या घराच्या दिशेने ओरडून कविता म्हणत. आई दचकून पळी खाली टाकी. मालक रागावत. "वरडू नगंस. खिडकी काय बहिरी हाय?"

माझ्यापर्यंत खरोखर पोचलेल्यांपैकी एक मार्गासनीच्या त्या म्हाताऱ्याची होती. ती मला अजून पाठ आहे:

बैल माजा म्हातारा, मी बी म्हातारा,
दोघांत मिळून एकच जू.
त्यो मला म्हनतो हळू, मी त्याला म्हनतो हळू,
वाट म्हनती, बसा दोघं, मीच येते.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग बाजाची पेटी आली.

भोरच्या एका शाळेतले मास्तर होते. त्या काळात कविता गाऊन दाखवायची सगळीकडे टूम होती, आणि मास्तर गळ्याने गोड होते. नसरापूरला देवळात त्यांचा कार्यक्रम झाला. तिथे कोणीतरी सांगितलं की इथे बाजारादिवशी कवी जमतात. मास्तर बैलगाडीत पेटी घालून आले. दुकानात पाय ठेवणं त्यांना शक्य नव्हतं, म्हणून अंगणाच्या फाटकाशीच गाडी उभी केली, पेटी मांडली आणि भाता हलवला. एक सूर निघाला असेल नसेल, मालक हात वर करून फाटकाशी गेले. पेटी गाडीत ठेवा, चाल बी गाडीत ठेवा, आणि मग तुमचं काय असेल ते बोला, असं अदबीने सांगितलं.

मास्तरांनी पुष्कळ समजावलं. चाल म्हणजे कवितेचा प्राण वगैरे. मालकांनी ऐकून घेतलं आणि भिंतीवरची चौकट दाखवली. शेवटी हट्टाला पेटून मास्तर चालीशिवाय बोलले. पहाटेवर कविता होती. तिच्यात सोनं, केशर, मोती असं बरंच काही होतं. मालक हातांकडे बघत होते. पेले तोंडाला लागत होते आणि खाली येत होते. तिसऱ्या कडव्यात कोणीतरी फुटाणे मागितले.

कविता संपल्यावर मास्तरांनी मालकांकडे पाहिलं. मालकांना खोटं बोलवेना आणि पाहुण्याला दुखवावंसंही वाटेना. थोडा विचार करून ते म्हणाले, "मास्तर, पेटी झ्याक हाय तुमची."

आठवड्याच्या आत भोरच्या कचेरीत मास्तरांची लेखी तक्रार गेली. नसरापूरच्या गुत्त्यात दर बाजाराला गाणंबजावणं चालतं, लोक त्या नादाने जास्त पितात, आणि इन्स्पेक्टरांच्या घराला लागून हे होत असून कोणी लक्ष देत नाही. कचेरीने बाबांना कळवलं, तक्रारदारासमक्ष चौकशी करून रिपोर्ट पाठवावा. गाणं होतं असं सिद्ध झालं तर परवाना रद्द.

बाबा कमी बोलणारे होते. जेवताना त्यांनी एवढंच सांगितलं की पुढच्या बाजाराला ते गुत्त्यात जाऊन बसणार आहेत, आणि नेहमी चालतं तसंच चालू द्यावं असं मालकांना कळवलं आहे. आईने विचारलं, मग आता त्या माणसाचं काय होणार. बाबा म्हणाले, गायले नाहीत तर काही होणार नाही.

मालकांनी तयारी सुरू केली. कवींना निरोप गेले. गुणगुणायची सवय असलेल्यांना त्या दिवशी येऊच नका असं सांगितलं. मालकीणबाई आमच्याकडे येऊन आईजवळ बसल्या. नेहमीची थट्टा नव्हती. दुसरा धंदा येत नाही ह्यांना, म्हणाल्या, जमीन आहे ती खडकाची. आणि हे परवान्याबद्दल बोलतच नाहीत, कोण कोण बोलणार त्याचीच घोकणी चाललीय.

तो दिवस आला. आमच्या घरातली खुर्ची कुंपणावरून पलीकडे देण्यात आली आणि तिच्यावर बाबा बसले, मांडीवर कागद, हातात पेन्सिल. मास्तर फाटकापाशी उभे, एक पाय आत, एक बाहेर. मी खिडकीत. अंगणात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. माणसं पितही होती ती जपून, आवाज न करता.

कवी एकामागून एक चढले आणि सरकारी हुकूम वाचावा तसं बोलून उतरले. कामथडीच्या त्या तरुण शेतकऱ्याने आपला कंदील म्हटला, घामाने निथळत. मार्गासनीच्या म्हाताऱ्याने बैल म्हटला तेव्हा बाबांना खोकला आला आणि त्यांनी तो बराच वेळ आवरला. बाबांचा तसला खोकला मला माहीत होता. मालक प्रत्येक कवीमागे थोडे सरळ होत होते. ऊन अंगणातून निघून कौलांवर गेलं. आता आटपलं, असं वाटलं.

तेवढ्यात धनगर आला.

हा वेल्ह्याच्या पलीकडे, घाटाच्या तोंडाशी असलेल्या एका वाडीवरचा. बाजाराला तूप घेऊन यायचा. त्याला निरोप पोचलाच नव्हता. त्या डोंगरात निरोप कोण नेणार. बारीक, काळा, डोक्याला मळकं मुंडासं. तो बऱ्याच बाजारांपासून पिंपावर चढत होता आणि दरवेळी मालक त्याला उतरवत होते, कारण त्याच्या तोंडून बोलणं निघतच नसे, ओवीच निघे. उतरवलं की तो काही न बोलता कोपऱ्यात बसे, आणि पुढच्या बाजाराला पुन्हा चढे. त्याची पूर्ण कविता कोणीच ऐकलेली नव्हती.

खुर्चीवर कोण बसलंय ते त्याला माहीत नव्हतं. तो सरळ पिंपाशी गेला. दोघातिघांनी त्याला ओढायला हात पुढे केले. मालकांनी त्यांना मागे सारलं, वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला आणि हळू म्हणाले, "आज बोल हां. निस्तं बोल." त्याने मान हलवली.

आणि तो बोलला. एकेक शब्द दगड उचलून ठेवावा तसा ठेवत:

कड्याच्या खाली, लेक दिली कोकनात,
धूर येतो वर, माजा जीव त्या धुरात.

धूर दिसला की म्हनतो, लेक माजी जेवली,
मंग म्या बी फडक्यातली भाकर सोडली.

इथवर बोलणंच होतं. मालकांनी डोळे मिटून घेतले होते. धनगर थांबला. श्वास घेतला. आणि पुढच्या ओळींना त्याला बोलता येईना. त्याने दोनदा तोंड उघडलं, मिटलं, मग डोंगराकडे तोंड केलं आणि गायला:

आज धूर दिसंना, ऊन आलं डोईवर,
भाकर तशीच ऱ्हाईली, बांदल्याली कमरंवर.

मोकळा, उंच आवाज. कड्यावरून खाली हाक मारायची सवय असलेल्या माणसाचा. सगळ्यांनी मालकांकडे पाहिलं. पहिल्याच शब्दांना मालकांचा हात वर गेला असता तर तो थांबला असता. अर्ध्या ओळीचं गाणं झालं असतं, ते मोजण्यासारखंही नव्हतं. मालकांचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते. ते अंगणाकडे बघत होते, आणि अंगणात एकही पेला हलत नव्हता. धनगराने शेवटची ओळ पुन्हा एकदा घेतली, खाली उतरला आणि कोपऱ्यात जाऊन बसला.

बाबांची पेन्सिल कागदावर नुसती टेकलेली होती. मग त्यांनी मास्तरांना विचारलं, तुम्ही यातले जाणकार आहात, तक्रारही तुमचीच आहे, हे गाणं झालं का?

मास्तरांचं तोंड पाहण्यासारखं झालं. एवढ्या माणसांत, आपल्या कवितेला मिळाली नव्हती ती शांतता त्यांनी आत्ताच ऐकली होती. "हे गाणं?" ते म्हणाले. "छे. सुराचा पत्ता नाही, तालाचा पत्ता नाही. याला गाणं म्हणायचं तर आम्ही करतो ते काय?"

कोणीतरी मांडीवर थाप मारली. बाबांनी कागदाची घडी घालायला घेतली आणि म्हणाले, म्हणजे तक्रारदाराच्याच मते गाणं झालेलं नाही.

"सायेब, थांबा," मालक म्हणाले. "गानं झालं."

"मालक, गप बसा की," मार्गासनीचा म्हातारा खालच्या आवाजात म्हणाला.

"गप कसा बसू? डोळ्यांदेकत गायला त्यो." मालक मास्तरांकडे वळले. "मास्तर, तुमी काय बी म्हना. त्ये गानं हुतं."

बाबांनी कागदाची घडी पुन्हा उघडली. "परवान्याची अट माहीत आहे ना तुम्हाला?"

"म्याच लावलीय भिताडाला."

"मग?"

"मंग लिवा."

रात्री बाबा नीट जेवले नाहीत. सकाळी त्यांनी मला बोलावलं. भोरच्या कचेरीतले नवे साहेब रिपोर्ट इंग्रजीत मागत, आणि बाबांचं इंग्रजी कामापुरतं असल्यामुळे पक्की प्रत मी करत असे. बाबांनी तारीख, वार, कोण हजर होतं, कोण काय बोललं हे सगळं सांगितलं. बोलत बोलत ते धनगरापर्यंत आले आणि थांबले.

"पुढचं तू लिही," ते म्हणाले. "मला त्यातलं कळत नाही. तू खिडकीत होतीस."

मी खिडकीत असते हे त्यांना माहीत आहे, हे मला तेव्हाच कळलं.

बाबा बाहेर निघून गेले. मी कागदासमोर बसून राहिले. इंग्रजीत एकच शब्द निवडायचा होता. 'म्हणून दाखवली' या अर्थाचा लिहिला की तक्रारदाराच्या मताशी जुळत होतं आणि गुत्ता राहत होता. साहेब नसरापूरला विचारायला येणार नव्हते. आणि बाबांनी माझ्यापुढे हे का ठेवलं तेही मला समजत होतं. मी उठून परसात गेले. मालक गवरीला घासत होते. त्या दिवसापर्यंत मी कधी आपणहून बोलले नव्हते.

मी म्हटलं, रिपोर्ट मी लिहिते आहे. मी वेगळा शब्द घालू शकते.

त्यांनी चोळणा पाण्यात बुडवून पिळला.

"गवरे, सांग ताईसाहेबांना," ते म्हणाले. "एवढं डोंगार उतरून येतो त्यो. दर बाजाराला म्या त्याला खाली उतरवला. कवा तक्रार केली न्हाई. काल पयल्यांदा पुरं केलं त्यानं. आन् आता म्या म्हनू, गायलाच न्हाई? मंग हितं उबं ऱ्हाऊन केलं काय त्यानं?"

तुमचा गुत्ता जाईल, मी म्हटलं.

"जाईल की. गुत्ता काय, दुसरा बी कुनी चालवंल." मग त्यांनी विचारलं, "खिडकीपातुर आलं का त्ये?"

आलं, मी म्हटलं.

"झालं तर मंग," ते म्हणाले, आणि म्हशीच्या दुसऱ्या अंगाला गेले.

मी 'गायला' असं लिहिलं. बाबांनी प्रत वाचली, त्या शब्दापाशी थोडं थांबले, आणि सही केली. महिन्याभरात परवाना रद्द झाला. दुकानाला लाखेचं सील लावायला बाबा स्वतः गेले. मालकांनी चौकट तेवढी काढून नेली. कशाला, ते कोणालाच कळलं नाही. पुढच्या गुत्तेदाराच्या वेळी अंगणात माणसं पुन्हा पहिल्यासारखी पेल्यावर पेले पीत आणि आपापल्या भावांबद्दल रडत. आईने खिडकी लावून टाकली.

मोठ्यांचं एकमत शेवटी कॉलेजवर झालं. पुण्याला जाताना आमची मोटार वाटेत पाण्यासाठी थांबली. रस्त्याकडेला नवं चहाचं दुकान होतं आणि दुकानात जाड खाकी कोट. मालकांनी मला ओळखलं, कप विसळून चहा आणला आणि मोटारीच्या खिडकीतून दिला. मी विचारलं, कसं चाललंय.

बरं चाललंय म्हणाले. चहाला परवाना लागत नाही. कवी येतात. फक्त एक पीडा झालीय. भोरचे मास्तर दर आठवड्याला पेटी घेऊन येतात, चहाच्या दुकानात यायला त्यांना हरकत नाही, आणि दिवेलागणीपर्यंत गातात. "आता अट न्हाई, काय न्हाई. कंच्या तोंडानं थांबवू त्यांना?" मालक कळवळून म्हणाले. "चांगला मानूस हाय वो. पर लई गातो."

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. मी घाईने विचारलं, तो धनगर येतो का.

"येतो तर. परवाच आलता. तिकडं हुबा ऱ्हायला आन् आक्की कविता बोलला. बिनचालीची. एक सूर न्हाई लागू दिला. माज्यासाठी शिकून आलता ओ त्यो, डोंगरात एकटा बोलून बोलून."

"मग? कशी झाली?"

मालकांनी माझ्या हातातला रिकामा कप घेतला, आणि मोटार हलली तशी दोन पावलं तिच्याबरोबर चालत म्हणाले, "वंगाळ. लई वंगाळ. म्हनलं, आरं लेकरा, गा की."